ओवाळणीत मागितलेली सही

आमच्या घरात कुणाची समजूत घालायची असली की मला पुढे करत. "यालाच बोलू दे, लाघवी आहे," असं आई म्हणायची. मलाही ते आवडायचं. हा शब्द 'लघु'वरून आला, म्हणजे मुळात हलकेपणाचा, हे पुढे शब्दकोशात वाचलं. हात हलका चालतो ते हस्तलाघव. ज्याचं बोलणं हलकं, कुणाला बोचत नाही, तो लाघवी. मी कोश मिटून ठेवला. ताई आठवली होती.

मखमलाबादला आमचा गुलाबाचा मळा होता. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर ताईचंही नाव लागलं. थोरला भाऊ म्हणाला, "तिची हक्कसोडपत्रावर सही पाहिजे. तूच जा, मी गेलो तर भांडण होईल."

ताई एकलहऱ्याला वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायची. मी मुद्दाम भाऊबीज गाठली. तिनं ओवाळलं, ताट पुढे केलं. मी म्हणालो, "दरवर्षी मीच का घालायची? यंदा तू मला घाल ओवाळणी."

"माग की, लबाडा!"

मी मागितली. भाओजींनी पेपर तोंडापुढे धरला. ताई थोडा वेळ तशीच हसत राहिली. मग म्हणाली, "माहेर उघडं राहू दे म्हणजे झालं."

आठवड्यात सही झाली. आम्ही तिला पैठणी घेतली. मळ्यावर आता इमारत आहे आणि तिसऱ्या मजल्यावर मी राहतो. भाओजी गेले, क्वार्टर सुटलं. ताई नाशिकरोडला भाड्याच्या खोलीत राहते. अकरा महिन्यांचा करार संपला की खोली बदलते.

गेल्या महिन्यात तिचं सामान हलवायला गेलो होतो. ती नव्या खोलीतल्या फळीवर पेपर अंथरत होती. मी एकदाचं बोललो, "ताई, ते ओवाळणीचं मी घरूनच ठरवून आलो होतो. तुला नाही म्हणता येऊ नये म्हणून."

"माहीत आहे."

"मग सही का केलीस?"

"हातात ताट होतं ना रे."

मी म्हणालो, "हे सामान इथं लावूच नकोस. माझ्याकडे चल. घर तुझंच आहे."

ती वळली आणि हसली, अगदी तेव्हासारखी. "बघ, अजून किती छान बोलतोस."

मला तिला खरंच न्यायचं होतं. पण ते वेगळ्या कुठल्या आवाजात सांगायचं, ते मला कळेना. तिनं पेटीची एक कडी उचलली. मी दुसरी धरली.