डॉक्टरसाहेबांची पिपाणी

दवाखान्यात कुणाची चप्पल वाजली तरी आमचे डॉक्टरसाहेब रुमी टोपीखालून डोळे वटारत. मी नवी नर्स, मला त्यांची धास्तीच होती. त्यांच्या कोटाच्या खिशात मात्र कायम एक पिपाणी असे. ती कशाला, हे विचारायची माझी छाती नव्हती.

गारखेड्याची एक धनगरीण लेकीचा जन्मतः दुभंगलेला ओठ पदराआड झाकून तिला घेऊन आली. "पोटुशी असताना म्या गिराण पाळलं नाय," एवढंच म्हणत राहिली; ग्रहणात काही चिरलं की पोटातल्या पोराचा ओठ फाटतो, अशी तिची समजूत. साहेबांनी तो ओठ शिवला. जखम भरल्यावर पोरीच्या हाती पिपाणी दिली.

"बजाव, बेटा."

आधी नुसती हवा गेली. मग पिपाणी अशी वाजली की अख्खा दवाखाना दणाणला. मी सवयीनं तोंडावर बोट ठेवलं.

"तुम्ही चूप बसा, सिस्टर," साहेब म्हणाले आणि वॉर्डाची सगळी दारं उघडत सुटले.