अठरा व्हायच्या आधीचं मतदान

अकरावीत असताना विधानसभेच्या मतदानाला आमच्या कॉलेजातून काही मुलं स्वयंसेवक म्हणून पाठवली होती. मला पिरंगुटजवळच्या आमच्याच गावातली शाळा मिळाली. आमचं गाव म्हणते खरी, पण आम्ही तिथं भाड्याच्या खोलीत राहायचो. वडील बिहारमधून कारखान्यात कामाला आलेले. मी जन्मले इथंच, शिकले मराठीतून.

काम सोपं होतं. म्हाताऱ्या माणसांना रिक्षातून उतरवायचं, चाकाच्या खुर्चीत बसवायचं, कुणाचं मतदान कुठल्या खोलीत ते दाखवायचं. एखादी बाई आत गेली की तिचं तान्हं पोर सांभाळायचं. छातीवर बिल्ला लावला तशी मी उगीचच ताठ चालायला लागले.

सकाळीच एक आजी आल्या. त्यांना फारसं दिसत नव्हतं, सोबत सून होती. दाराकडच्या उतारावरून वर न्यायला मी खुर्ची धरली, तेवढ्यात रांगेतला एक माणूस मोठ्यानं म्हणाला, "ही हितली न्हाई. भाडेकऱ्याची पोरगी हाय. ह्यांची नावं तिकडं गावाला. हिला हितं कुणी ठिवली?"

सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. माझे हात खुर्चीवरून सुटले. बिल्ला काढून घरी जावं असं वाटलं.

आजींनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "कोण बोलतंय त्ये? मला वर न्यायला तू येतुयास का? मग ये की, धर खुर्ची."

तो जागचा हलला नाही. रांगेत कुणीतरी हसलं.

"न्हाई ना? मग गप उभा ऱ्हा," आजी म्हणाल्या. आणि मला, "चल गं बाय. हळू ने, लई हादरतंय."

दाराशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "तूच चल आत. बटन तूच दाब."

"मला नाही येता येत, आजी. आत सोबत यायला अठरा पूर्ण लागतात. सूनबाई येतील."

"मग तू कशाला आलीस?"

"तुम्हाला दारापर्यंत आणायला."

त्या खुदकन हसल्या. "बरं. दारापातुर तर दारापातुर."

दुपारी केंद्राध्यक्ष बाईंनी मला बोलावून आपल्या डब्यातली भाकरी दिली. "मघाचं सगळं ऐकलं मी. तू जागा सोडली नाहीस, बरं केलंस."

"मी सोडतच होते, बाई. आजींनी सोडू दिली नाही."

"मग त्यांना सांग तसं."

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. आजींना ते आठवतही नव्हतं. त्यांनी मला शेंगा दिल्या आणि निवडायलाही बसवलं.

मतदानाच्या संध्याकाळी वडलांना मात्र सगळं सांगितलं होतं. इथं आल्यापासून त्यांनी मतच दिलं नव्हतं; त्यासाठी सुट्टी काढून बिहारला गावी कोण जाणार? ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हमारा नाम यहाँ चढ़ सकता है क्या?"

इथल्या मतदार यादीत चढू शकत होतं. मलाच ते आधी सुचलं नव्हतं.

पुढं मला अठरा पूर्ण झाली आणि पुढच्या मतदानाला आम्ही तिघं त्याच शाळेत रांगेत उभे राहिलो. वडलांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मत देऊन झाल्यावर आई घरी निघाली, तर ते पटांगणातच रेंगाळले. गावातल्या ओळखीच्यांना बोटाची शाई दाखवत, "हो गया, हो गया," म्हणत राहिले.