सुनेची तोंडी परीक्षा

शिपायानं दारात उभं राहून नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. त्यानं जरा मोठ्यानं पुन्हा पुकारलं. मीही मान वर करून पाहिलं, कोण उठतंय म्हणून, कारण माझ्या लेकीचं नाव तेच आहे. व्हरांड्यात पोरं-पोरी आपापल्या फायली चाळत बसली होती. शिपाई आत गेला. आतून बाईमाणसाचा आवाज आला, मग पुरुषाचा, ‘नाही ना आली? मग गैरहजर लावा.’

जिला गैरहजर लावलं ती माझी सून होती.

व्हरांड्याच्या टोकाला मुलींसाठी एक खोली आहे. तिथं ती आठ महिन्यांच्या पोरीला पाजत बसली होती. जाताना मला सांगून गेली होती, ‘आत्या, माझं नाव पुकारलं की हाक मारा.’ मी व्हय म्हणाले. कोणतं नाव, हे तिला सांगायचं सुचलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

आमच्यात लग्नात सुनेचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. हिचं तर बदलावंच लागलं, कारण हिचं आणि माझ्या लेकीचं नाव एकच. एका घरात एका नावाच्या दोघी म्हटल्या की हाकेला भलतीच उठते. नवं नाव ठेवलं आणि दोन वर्षं त्याच नावानं हाक मारली. लग्नाच्या पत्रिकेवर जुनं नाव होतं ते मी वाचलेलं, पण पत्रिका कोण पुन्हा वाचतं. आडनाव म्हणाल तर आमच्या भागात ते घरोघरी आहे. आणि कॉलेजच्या यादीत तिचं लग्न झालेलंच नव्हतं.

पोरीला खांद्यावर घेऊन, पदर सावरत ती आली. ‘आलं का हो नाव?’

‘नाय अजून.’

शेजारची एक मुलगी म्हणाली, ‘अगं, तू होतीस कुठं? तुझं होऊन गेलं की. दोनदा पुकारलं.’

सून माझ्याकडं बघायला लागली. ‘तुम्ही ऐकलं नाही?’

‘ऐकलं.’

‘मग?’

‘ते तुझं व्हय?’ मी म्हणाले. मला खरंच तेव्हाच कळलं.

तिनं पोर माझ्या मांडीवर ठेवलं आणि दाराकडं गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. पण भांडायला वेळ नव्हता.

ही तिची शेवटची परीक्षा होती. लेखी सगळे पेपर झाले होते. प्रकल्पाची तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती, आणि ती दिली नाही तर बाकी सगळं पास होऊनही पदवी मिळत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं. आमच्या घरात पुढचं वर्ष नव्हतं. पोरगा चिकलठाण्याला कंपनीत शिफ्टमध्ये असतो. त्यानं तिला साफ सांगितलं होतं, ‘या बारीला झालं तर झालं. नाय झालं तर मला पुन्हा विचारू नको.’ तेव्हा मी तिथंच लसूण सोलत बसले होते. मलाही कंटाळा आला होता.

मी चौथी शिकले. चौथीत जे होतं ते एकदाच शिकवलं आणि एकदाच विचारलं. हिच्या शिक्षणाचा शेवटच दिसत नसे. बीबीए म्हणजे धंदा कसा चालवावा याचं शिक्षण. तिच्या वडिलांचं फर्दापूरला लेण्यांच्या रस्त्यावर चहा-नाश्त्याचं दुकान आहे, त्यांना वाटलं पोरीनं यातलंच शिकावं. सोयरीक जुळली तेव्हा तिचं पहिलं वर्ष झालेलं. बैठकीत ते म्हणाले, ‘पोरीचं शिक्षण तेवढं पुरं करू द्या.’ आम्ही हो म्हणालो. बैठकीत सगळेच हो म्हणतात.

तीन वर्षांची सहा सेमिस्टर. प्रत्येक सेमिस्टरला आधी कॉलेजची चाचणी, मग असाइनमेंट, मग वर्गापुढं उभं राहून बोलायचं, मग लेखी. हिशेब, कायदा, बाजार, माणसं कामाला कशी लावायची, सगळ्याचे वेगळे पेपर. असाइनमेंट हातानं लिहायची. मोबाइलमध्ये आधीच लिहिलेलं असायचं, ते बघून ही कागदावर उतरवायची, ओट्यापाशी उभी राहून, एक डोळा दुधावर. मी एकदा म्हणाले, ‘लिहिलेलंच पुन्हा कशाला लिहिते?’ म्हणाली, ‘मार्क असतात आत्या.’ वर हजेरी. ती भरली नाही तर परीक्षेलाच बसू देत नाहीत. गारखेड्याहून रिक्षानं जायचं आणि दुपारच्या स्वयंपाकाला परत यायचं.

चौथ्या सेमिस्टरला ती पोटुशी होती. संख्याशास्त्राच्या पेपरात उलटी झाली, उठून आली, नापास झाली. नापास झालेला विषय पुढं ओढत न्यायचा असतो, नव्या विषयांबरोबर. बाळंतपणाला माहेरी गेली ती सव्वा महिन्यात परत आली. तिची आई फोनवर मला म्हणाली, ‘ओली बाळंतीण आहे हो, थोडं तरी राहू द्या.’ मी म्हणाले, ‘मी नाही बोलावलं. तिच्या हजेरीनं बोलावलंय.’

मग प्रकल्प. कुठल्या तरी धंद्याच्या ठिकाणी जाऊन काम बघायचं, त्यावर पुस्तक लिहायचं, ते बांधून द्यायचं. पोराच्या ओळखीनं चिकलठाण्याला गाड्यांचे सुटे भाग करणारं एक छोटं वर्कशॉप मिळालं. गोदामात माल किती ठेवावा, कधी मागवावा, हा तिचा विषय. महिनाभर ती जात होती आणि पोर माझ्याकडं. एकदा भाजी अळणी झाली तर पोरगा म्हणाला, ‘घरातलं मीठ संपलेलं कळत नाय आणि गोदामाचा अभ्यास चाललाय.’

ती म्हणाली, ‘मिठाचा डबा तुमच्या आईच्या ताब्यात आहे. तो विषय मला नाही.’

पोरगा माझ्याकडं बघून हसला. मी मीठ वाढलं.

असं करत करत या व्हरांड्यापर्यंत ती आली होती.

दारात शिपायानं तिला अडवलं. ‘ताई, नाव होऊन गेलं. दोनदा पुकारलं.’

‘मी पोरीला पाजत होते.’

‘मग आम्ही काय करावं? सगळे कुठं ना कुठं असतातच.’

ती हलली नाही. थोड्या वेळानं बाहेरगावचे परीक्षक चहासाठी बाहेर आले. वयस्कर माणूस, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. तिच्या मॅडम, ज्यांच्या हाताखाली तिनं प्रकल्प केला, त्या मागं होत्या. सुनेनं सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, ‘वेळेवर हजर राहणं हेसुद्धा मॅनेजमेंटच आहे. तीन वर्षांत एवढं तरी शिकवलं असेल.’

‘हो सर,’ ती म्हणाली.

मी पोर कडेवर घेऊन जवळ गेले. ‘नाव पुकारलं ते मी ऐकलं. मला कळलं नाही.’

‘तुम्ही कोण?’

‘सासू.’

‘सासू आणि सुनेचं नाव माहीत नाही?’

‘ते माहेरचं आहे. आम्ही हिला दुसऱ्या नावानं हाक मारतो. पुकारलं ते माझ्या लेकीचं आहे.’

शिपाई हसला. साहेब हसले नाहीत. कुणाची लेक, कुणाची सून, हे त्यांनी डोक्यातून काढून टाकलेलं दिसलं. मॅडम म्हणाल्या, ‘सर, माझीच विद्यार्थिनी आहे. काम स्वतः केलंय तिनं. शेवटी घेतलं तर?’

‘यादी संपल्यावर बघू. माझी गाडी आली तर मी थांबणार नाही,’ असं म्हणून ते चहाला गेले.

यादी मोठी होती. ऊन व्हरांड्यात आलं. पाण्याची टाकी कोरडी पडली होती. पोरीला पुन्हा भूक लागली आणि तिनं रडायला सुरुवात केली. मी बिस्कीट भिजवून दिलं, तिनं थुंकून टाकलं. कडेवर घेऊन जिन्यापर्यंत फिरवलं. सुनेजवळ जाऊन म्हणाले, ‘जा, पाजून ये. मी इथं उभी राहते. आता नाव माहीत आहे मला.’

‘नाही आत्या. आता हलत नाही मी.’

‘पोर रडून निळं पडंल.’

‘पडू द्या,’ ती म्हणाली. तोंड दाराकडंच होतं.

मी तिला तेव्हा मनात शिव्या दिल्या. लहान पोराला रडत ठेवून दाराशी उभी राहणारी बाई मी आमच्याकडं पाहिली नव्हती. पोर रडत होतं तसं तिचं दूध सुटलं. ब्लाउज पुढून भिजला. तिनं पदर ओढून पिना लावल्या, तरी डाग पदरातून दिसायचा. वर्गातली पोरं समोर बसली होती. त्यांनी बघितलं आणि मग मोबाइलात माना घातल्या. ती पुस्तक छातीशी धरून उभी राहिली.

सगळ्यांचं झाल्यावर शिपायानं नुसती मान हलवली. नाव काही पुकारलं नाही.

दार उघडं होतं म्हणून सुरुवातीचं मला ऐकू आलं. साहेबांनी विचारलं, ‘गोदामात माल जास्त भरून ठेवला तर बिघडतं काय?’

‘पैसा अडकून पडतो सर. जागा अडते. जुना माल मागं राहतो आणि गंजतो.’

‘मग कमीच ठेवायचा?’

‘कमी पडला तर मशीन बंद राहतं, सर. मी गेले तेव्हा एकदा तसं झालं होतं...’

पुढं इंग्रजी सुरू झालं. पोरगी माझ्या कडेवर किंचाळत होती. आतून साहेब म्हणाले, ‘तो आवाज बाहेर ठेवा जरा,’ आणि शिपायानं दार लावलं. पुढं काय विचारलं आणि ती काय बोलली, ते मला आजही माहीत नाही.

ती बाहेर आली.

‘झालं?’

‘झालं.’

‘बरं झालं का?’

‘माहीत नाही.’ तिनं पोर माझ्याकडून ओढूनच घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसून पाजायला लागली. पदर घेतला, पण आडोसा शोधला नाही. साहेब बॅग घेऊन त्याच जिन्यानं उतरले. ही सरकली नाही. ते कठड्याला धरून बाजूनं गेले.

रिक्षात पोराचा फोन आला. ‘झालं का?’ ती म्हणाली, ‘झालं.’ नावाचं तिनं सांगितलं नाही. मी सांगितलं, दुसऱ्या दिवशी. तो म्हणाला, ‘मग दोष कुणाचा?’ मी म्हणाले, ‘ताटात नाव कुणी लिहिलं?’ तिला आम्ही अजून नव्या नावानंच हाक मारतो. जिभेला सवय झाली आहे.

निकाल मोबाइलवर लागला. संख्याशास्त्र निघालं होतं, प्रकल्पातही पास. मार्क बेताचे. ती बघत राहिली आणि मग पोरीचे लंगोट दोरीवर टाकायला गेली. आता कॉलेजवाले सांगतात की चौथं वर्षही करता येतं, त्याची वेगळी पदवी मिळते. तिनं अजून विषय काढलेला नाही. काढील, असं मला वाटतं. विचारानंच थकायला होतं.

गल्लीतल्या बाया मला म्हणतात, ‘तुम्ही सुनेला शिकवलं, फार मोठं काम केलं.’ मी त्यांना सांगते, मी काही शिकवलं नाही. पोर धरलं, ते कुणीही धरलं असतं. पोटुशी असताना पेपर तिनं दिले, ओली बाळंतीण असताना वर्गात ती बसली, आणि भिजलेल्या ब्लाउजनं त्या माणसासमोर तीच उभी राहिली.