हॉलमध्ये बसवलेला गणपती

ती घटना आठवली की आजही पुढ्यातल्या ताटावरून मन उडतं. मी महाराष्ट्र पोलिसांत निरीक्षक होतो. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि मेहुण्याच्या ओळखीने सौदी अरेबियात, धाहरानजवळच्या एका बंदिस्त वसाहतीत सुरक्षा तपासनीस म्हणून लागलो. खाकी उतरली तरी खोड जात नाही, म्हणून हे प्रकरण मी माझ्या पोलीस सेवेतच धरतो. नावं कुणाचीच देणार नाही.

काम तसं कंटाळवाणं. गेटवर गाड्या तपासायच्या, नव्या माणसाचा इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, पाहायचा, पार्किंगवरून भांडणारे शेजारी वेगळे करायचे. आमचे प्रमुख कतीफचे सौदी गृहस्थ, तिथल्या पोलिसांतून निवृत्त झालेले. दोन देशांचे दोन थकलेले पोलीस, आमचं मोडक्या हिंदीत चांगलं जमायचं.

खबर आणली ती एसी मेकॅनिकने. हा दापोलीकडचा, कामगारांच्या कॅम्पात एकटा राहणारा माणूस. चहाच्या वेळी केबिनमध्ये येऊन म्हणाला, “साहेब, मागच्या रांगेतले ते नाशिकचे इंजिनिअर. त्यांच्या आतल्या खोलीचा एसी बंद पडला म्हणून कंप्लेंट आली. मी गेलो तर मला आत घेईनात. बाहेरूनच काय ते कर म्हणतात. एसी काय बाहेरून दुरुस्त होतो?”

“बायको आजारी आहे त्यांची. झोपली असेल.”

“त्या तर हॉलात बसल्या होत्या. आणि दाराच्या फटीतून वास येत होता, उग्र.”

“कसला?”

“आता ते मी तुम्हाला सांगू?” असं म्हणून तो कप ठेवून निघून गेला.

पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत माझी अर्धी नोकरी गेली. जप्त केलेल्या गांजाच्या पोत्यांचा वास कपड्यांना लागून घरी यायचा आणि बायको मला दारातच अंघोळीला पिटाळायची. मेकॅनिकला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. फक्त विश्वास बसेना.

या इंजिनिअरला सगळी वसाहत ओळखत होती. बाहेरच्या उन्हात कढीपत्ताही तग धरत नाही, म्हणून या गड्याने आतल्या खोलीत मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर भाजी लावली होती. मेथी, कोथिंबीर, पुदिना. ज्याच्याकडे पाहुणे येणार तो त्याच्या दारात. मग त्याच्या बायकोला कॅन्सर निघाला. केमोथेरपी सुरू झाली, तिच्या पोटात अन्न ठरेना, आणि कोथिंबीर मिळणं बंद झालं. “पंप बिघडलाय,” असं तो सांगायचा. त्याच्या घरावर काय कोसळलं होतं हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे पंपाची चौकशी कोण करणार?

मेकॅनिक खबर देऊन गेला त्याच आठवड्यात गणपती आले. तिथे आपला देव उघड्यावर बसवायची सोय नाही. म्हणून मराठी घरांत मूर्ती हातानेच मातीची करायची, सर्वांत आतल्या खोलीत बसवायची, पडदे ओढायचे आणि आरती पुटपुटल्यासारखी म्हणायची. टाळ्यासुद्धा बोटांच्या टोकांनी. माणसं एकेक करून येतात, गाडी लांब लावतात. हे कुणी कुणाला शिकवत नाही. कालपरवा आलेली सूनही बरोबर तसंच करते.

मी आणि माझी बायको इंजिनिअरकडे दर्शनाला गेलो. दार उघडलं आणि समोरच गणपती. हॉलमध्ये, पुढच्या दारासमोर. दार उघडं राहिलं तर रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असा. दरवर्षी तो आतल्या खोलीत असायचा. माझी बायको दचकून माझ्याकडे पाहू लागली. मी हात जोडले, प्रसाद घेतला आणि पाच मिनिटांत निघालो. या मुलखात मराठी माणूस देव बाहेर बसवतो, तेव्हा आत देवापेक्षाही जास्त लपवण्यासारखं काही असतं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते आता मला कळलं होतं.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी एकटाच गेलो. चौकशीचा माझा एक नियम आहे. आवाज चढवायचा नाही, चहा नाकारायचा नाही, आणि पहिला प्रश्न असा विचारायचा की समोरच्याला तो प्रश्नच वाटू नये.

“बाप्पा यंदा बाहेर?”

“हिला आतपर्यंत चालवत नाही, साहेब. इथे बसल्या बसल्या दर्शन होतं.”

तेवढ्यात त्याची बायको सोफ्यावरून उठली. डोक्याला रुमाल, अंगावर सैल झालेला ड्रेस. ती आतल्या खोलीच्या दारावरूनच पलीकडच्या स्वयंपाकघरात गेली आणि माझ्यासाठी मोदक घेऊन आली. आतपर्यंत चालवत नाही ही थाप तिनेच खोटी पाडली, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. मी मोदक खाल्ला. मग इंजिनिअरकडे नुसता बघत राहिलो. सराईत गुन्हेगार अशा वेळी बोलायला लागतो. भला माणूस घामाने भिजतो. तो भिजला.

“खोली दाखवा,” मी म्हणालो.

त्याने कुलूप काढलं. आत डोळे दिपवणारा पांढरा उजेड, भिंतींना चंदेरी कागद, छताला पंखे, पाण्याच्या पांढऱ्या नळ्या आणि त्यांत उभी कमरेएवढी झाडं. इतकं नेटकं काम मी कारखान्यातही पाहिलं नव्हतं. वास मात्र तोच, मुद्देमाल खोलीतला. तो पानं दाखवत हळूहळू सांगू लागला, आणि सांगता सांगता त्याचा आवाज सुधारत गेला. काही देशांत डॉक्टर हेच औषध म्हणून देतात, हिची मळमळ थांबावी, हिने दोन घास खावेत म्हणून केलं, एक पानही घराबाहेर गेलं नाही. बी कुठून आणलं तेही त्याने सांगितलं. ते इथे लिहिण्यात अर्थ नाही.

“आत्ता उपटतो, साहेब. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी. तुम्ही काही पाहिलंच नाही.”

खरं सांगतो, मोह झाला. पण वास मेकॅनिकला आला होता, उद्या शेजाऱ्याला येणार. धाड पडली तर तो आत जाणारच, आणि घरात सापडली म्हणून त्याची आजारी बायकोही. तिचा इकामा त्याच्याच नोकरीवर. त्याला वाचवणं माझ्या हातात नव्हतं. तिला वाचवणं कदाचित होतं.

“स्वतःहून चला,” मी म्हणालो. “आणि बायकोला यातलं काही माहीत नव्हतं, एवढं एकच वाक्य शेवटपर्यंत धरून ठेवा.”

त्याने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “काका सांगतात तसं करा.”

आमच्या प्रमुखांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. मग मला नेहमीसारखं ‘सदीक’, म्हणजे मित्रा, असं हाकारून म्हणाले, “सदीक, आदमी का खलास. औरत का नाम नहीं आएगा, मैं देखता हूँ।” ते स्वतः त्याच्याबरोबर पोलिसांकडे गेले. पुढे तिथल्या पद्धतीने जप्ती झाली, दुभाष्यासमोर जबाब झाला. त्याने ते एक वाक्य सोडलं नाही. त्याला तुरुंगवास झाला, शिक्षा भोगून मायदेशी रवानगी. तिचं नाव कागदावर आलं नाही. कंपनीने तिचे परतीचे कागद लवकर करून दिले. आम्ही केस सोडवली असं म्हणायची पद्धत आहे. मला तसं म्हणवत नाही.

दम्मामच्या विमानतळावर तिला सोडायला मी आणि माझी बायको गेलो होतो. व्हीलचेअरवर बसल्या बसल्या ती मला म्हणाली, “काका, एक सांगू? त्या पाल्याने मला एक दिवससुद्धा बरं वाटलं नाही. उलट गरगरायचं. हे समोर उभे राहून बघायचे, म्हणून मी दोन घास जास्त खायचे आणि नंतर नळ सोडून ओकायचे.”

“मग त्यांना सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर त्यांच्या हाताला काय काम उरलं असतं? रात्रंदिवस माझ्या तोंडाकडे बघत बसले असते. त्या खोलीत गेले की जरा माणसात यायचे.” मग माझ्या बायकोचा हात धरून म्हणाली, “ह्यांना कळू देऊ नका.”

तेहतीस वर्षं मी माणसं गुन्हा का करतात ते शोधत आलो. लोभ, राग, व्यसन, बाई, जमीन, एवढ्यांतच सगळं बसतं अशी माझी समजूत होती. एकमेकांना धीर देण्याच्या नादात दोन शहाणी माणसं तुरुंगाच्या दारापर्यंत चालत जातात, हे कुठल्या कलमात बसवायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कायदा चुकला असं मी म्हणणार नाही. तेच काम मी आयुष्यभर केलं. पण त्या दिवसापासून कुणी मला ‘खरं काय ते शोधून काढा’ म्हणालं, की मला आधी दमल्यासारखं होतं.

ती नाशिकला पोचली आणि दिवाळीआधी गेली. ही बातमी त्याला द्यायला प्रमुखांनी परवानगी काढली आणि मी तुरुंगात गेलो. काचेपलीकडे बसलेल्या त्याला मी फोनवरून ती सांगितली. मग रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून त्याने विचारलं, “साहेब, एवढंच सांगा. शेवटी शेवटी तरी तिला त्याने थोडं बरं वाटत होतं ना? तुम्हाला काही बोलली होती?”

“बोलली होती,” मी म्हणालो. “म्हणाली, त्यानेच दोन घास जायचे.”