नावाची चौकट

धाकट्या दिरांनी परभणीत कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. ज्याला प्रोग्राम लिहिता येत नाही अशा माणसालाही यंत्राला मराठीतून काम सांगता यावं, असं काहीतरी ते बनवत होते. ते तपासायला त्यांना अडाणी माणूस हवा होता. झरीच्या आमच्या घरात तो मान माझा. सातवीत शाळा सुटली होती माझी.

पण मला ते फार आवडलं. पडद्यावर चौकटी यायच्या. एकीत लिहायचं, ‘लाइट रात्री असेल तर’. शेजारच्या चौकटीत, ‘विहिरीवरची मोटार अमक्यानं चालवावी’. एवढ्यावर यंत्र आठवड्याच्या पाळ्या मांडून द्यायचं. भावजी खोटी नावं देऊन सराव करून घ्यायचे, आणि मी त्यांना चिडवायचे, की याला भाकरी थापायला कधी शिकवू?

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे सारखं पुढे ढकललेलं प्रात्यक्षिक अखेर एका हॉलमध्ये झालं. पसंत पडलं तर गावोगावचं काम भावजींना मिळणार होतं. समोर साहेबलोक, पहिल्या रांगेत मामंजी आणि त्यांच्या बाजूला आमचे हे.

मुख्य साहेब म्हणाले, खोटी नावं नकोत, तुमच्या घरच्याच पाळ्या लावा. पडदा लहान आहे, तेव्हा लिहिताना मोठ्यानं म्हणा. आमच्याकडे मोटार दोघेच चालवायचे, भावजी आणि हे. भावजींचं नाव मी ठणठणीत आवाजात घेतलं. दुसऱ्या चौकटीपाशी बोट थांबलं. हळदीकुंकवाला उखाण्यात ह्यांचं नाव मी हसत घ्यायचे. पण मामंजींसमोर, उखाण्याशिवाय, नुसतंच? चौकट रिकामी सोडून पुढे जायला गेले, तर यंत्र ‘नाव लिहा’ म्हणून तिथंच अडून बसलं.

साहेबांना वाटलं, बाईला अक्षर सापडेना. ते उठून मला बटणं दाखवायला लागले. कारण सांगावं तर ही शिकलेली माणसं हसतील, न सांगावं तर भावजींचं काम जाईल. शरमेनं मान वर होईना.

“रोज शिकवलेल्या बाईला जमत नाही,” साहेब हळूच म्हणाले, “तिथं बाकीच्यांचं काय?”

काम गेलं. परतीच्या एसटीत भावजींना सगळं उमगलं, आणि ते मलाच समजावायला लागले. “वहिनी, चूक तुमची न्हाई. नाव पायजेच, असं यंत्राला मीच सांगून ठेवलं होतं.” रागावले असते तर बरं झालं असतं. त्या चांगुलपणानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवाळीत त्यांनी मला पुन्हा यंत्रापुढे बसवलं. चौकटीवर आता ‘नाव लिहा’ नव्हतं. ‘यांना घरात काय म्हणता?’ असं होतं. मी ‘हे’ लिहिलं. लगेच पडद्यावर उमटलं, गुरुवारी रात्री मोटार हे चालवतील. भावजी लहान मुलासारखे खूश झाले. मला मात्र त्यांच्या तोंडाकडे पाहवेना. ते बघायला आता समोर एकही साहेब नव्हता.