बाराव्या फोटोनंतर

रेवा, नील — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही, आणि त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. तुम्हाला मराठी समजतं, पण वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र तुमचा बाबाच तुम्हाला वाचून दाखवणार. म्हणजे त्यालाही हे आत्ताच, तुमच्यासमोर कळणार आहे. मंदार, मध्ये थांबू नकोस. शेवटपर्यंत वाच.

आत्ताच का सांगते आहे? गेल्या रविवारमुळे.

आपला रविवारचा नेम तुम्हाला माहीतच आहे. मी इथून, चंदीगडहून, फोनसमोर एक जुना फोटो धरते आणि त्यामागची गोष्ट सांगते. माझे अल्बम नीट लावलेले आहेत, प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने ठिकाण आणि नावं लिहिलेली आहेत. फक्त हॉलमधल्या भिंतीवरच्या एका फोटोमागे मी कधी काही लिहिलं नाही. तो तुमच्या पणजीचा, आजोबांच्या आईचा. रेवा लहानपणापासून त्याला 'घोस्ट' म्हणते, आणि त्यात तिची काही चूक नाही. कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोत पणजी मागच्या रांगेत उभी होती, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. तो दाणा मोठा करून घेतला, तर नुसते करडे ठिपके आले. तेच आम्ही फ्रेम करून लावलं.

आणि गेल्या रविवारी नील म्हणाला, "आजी, लुक! मी पणजी फिक्स केली!"

संगणकाने त्या ठिपक्यांतून एक अख्खी बाई उभी केली होती. डोळे, ओठ, गालावरची सुरकुती, सगळं. मी थक्क झाले. तिने पापणी लववली असती तरी मला नवल वाटलं नसतं. केवढी मोठी गोष्ट आहे ही — नाही का? पण ती तुमची पणजी नव्हती. ही कुणी तरी गुळगुळीत, देखणी म्हातारी होती, सगळे दात असलेली. नीलने विचारलं, "सेम आहे ना, आजी? बाबा फ्रेम करणार आहे." आणि मी म्हणाले, "छान झालंय रे."

म्हणजे मी पुन्हा तेच केलं. चाळीस वर्षांपूर्वी केलं होतं, तेच.

तेव्हा तुमचे आजोबा सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत होते. नाजूक उपकरणं जुळवणं हेच त्यांचं काम, आणि घरातही त्यांची शिस्त तीच. त्यांचा कॅमेरा कपाटात, कुलपात असायचा. पणजी अमरावतीहून आमच्याकडे पहिल्यांदाच येणार होती, तीन आठवड्यांसाठी. तिचा एकही धड फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की ती स्वयंपाकघरात जायची. या खेपेला मात्र तिने स्वतःहून लेकाला लिहून कळवलं होतं, शेजारच्या मास्तरांच्या हातून — एक फोटो काढून ठेव.

आजोबांना रजा नव्हती. फोटो मी काढते, असं मी म्हटलं.

"तुला जमेल?" त्यांनी विचारलं.

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजीत एम.ए. मला हा प्रश्न झोंबला. कॅमेऱ्याबरोबर आलेली पुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढली होती. रोल मीच घातला. ते शेजारी उभे होते. "पक्का बसला ना?" तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी म्हटलं, "मला येतं."

वहीही केली. प्रत्येक फोटोचा आकडा, जागा, उजेड, आणि पणजी काय करत होती ते. छत्तीस फोटोंचा रोल, छत्तीस ओळी आखलेल्या.

आता तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. त्या कॅमेऱ्यात फोटो काढला की एक खटका ओढून रोल पुढे सरकवावा लागे. रोल खरंच सरकत असेल, तर दुसऱ्या बाजूची एक छोटी घुंडी आपोआप फिरे. रोलचं टोक आत नीट अडकलं नसेल, तर खटका ओढला जातो, आकडा वाढत जातो, पण घुंडी फिरत नाही. रोल जागच्या जागी. फोटो एकही नाही.

पुस्तिकेत हे लिहिलेलं होतं. चौदाव्या पानावर.

बारावा फोटो आम्ही पिंजौरच्या बागेत काढला. बसने गेलो होतो, पणजी, मी आणि सहा वर्षांचा मंदार. बागेत एकाखाली एक अशा पायऱ्यापायऱ्यांच्या गच्च्या, मधून पाणी खाली धावतं. पणजी काठावर बसली, चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले. "काहून वं," ती म्हणाली, "त्या डब्यातून मले इतकी काय पाहून राह्यली?"

"हसा थोडं, आई."

"दात नाही समोरचा. हसू का नको, ते सांग पह्यले."

हसलीच ती. मी फोटो काढला, खटका ओढला — आणि घुंडी दिसली. ती हलली नव्हती.

मला कळलं का? आजवर मी स्वतःला सांगत आले की तेव्हा नुसती शंका होती. रोल आत ढिला असेल, पुढच्या खटक्याला फिरेल. पण खरं सांगू? मला कळलं होतं.

पणजी अजून नऊ दिवस राहणार होती. नऊ दिवस! घरी जाऊन कॅमेरा उघडायचा, टोक पुन्हा अडकवायचं — पाच मिनिटांचं काम. पण कॅमेरा उघडला की आकडा परत शून्यावर येतो, आणि आजोबा रोज संध्याकाळी तो आकडा बघत. "बारा? छान." मग मला सांगावं लागलं असतं. एवढंच. यापेक्षा मोठं कारण नव्हतं — मी शोधलं आहे, पुष्कळ वर्षं शोधलं आहे.

तेव्हा मी फोटो काढत राहिले. तेरा, चौदा, पंधरा. रोल नसल्यासारख्या कॅमेऱ्यातून. सुखना तलावाच्या बांधावर, हिवाळी पक्ष्यांचे थवे उठले तेव्हा तोंडाचा आ करून उभी. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, मक्याची भाकरी थापताना — पिठाला ती नावं ठेवत होती. एकदा पावसानंतर हवा अशी धुतली गेली की गच्चीवरून टेकड्यांच्या मागे, फार लांब, पांढरी रेघ दिसली. "ते ढग व्हय?" तिने विचारलं. बर्फ आहे, म्हटल्यावर ती कठड्यापाशी गेली. मग त्या रेघेला तिने हात जोडले. पदर खाली पडला होता तो सावरला नाही. डोकं उघडं, केस पांढरे, मागे ती पांढरी रेघ. वहीत तो सव्वीस नंबर आहे.

मी बटण दाबलं. या बाईचं हे रूप कुठेही उमटत नाहीये, हे ठाऊक असताना दाबलं. आणि इतकं टक लावून मी त्याआधी कुणाकडे पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही. फक्त असं झालं.

छत्तिसावा स्टेशनवर. गाडीच्या खिडकीतून ती ओरडली, "एक तरी चांगला येऊ दे वं! माह्या मागं लेकाले भिंतीवर लावाले होईन!" डब्यातल्या बायका हसल्या. मीही हसले. गाडी सुटल्यावर खटका ओढून पाहिला. रोल संपला की तो अडायला हवा. तो लोण्यासारखा फिरला.

रोल धुवायला आजोबांनी स्वतः नेला, आमच्या सेक्टरच्या बाजारात सोहनलालजींचा स्टुडिओ होता, तिथे. चार दिवसांनी आम्ही दोघं आणायला गेलो. सोहनलालजी पन्नाशीचे, बोटं औषधाने पिवळी पडलेली. त्यांनी आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पर्स दोन्ही हातांनी धरली होती. किती वेळ पाहिलं असेल? एक श्वासभर.

"साहबजी, माफ करना," ते म्हणाले. "गलती हमसे हुई. धुलाई में रोल खराब हो गया. फेंक दिया जी."

आजोबांचा आवाज चढलेला मी आयुष्यात तेव्हाच ऐकला. "मेरी माँ के फोटो थे! समझते हैं आप?" सोहनलालजी हात जोडून उभे. बाहेर व्हरांड्यात माणसं थांबली. मी काय केलं? मी आजोबांच्या बाहीला धरून म्हटलं, "जाऊ द्या हो." समजूतदार बायको!

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. का गेले, कोण जाणे. कबूल करायला, असं वाटत होतं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी खणातून एक पाकीट काढलं. आत माझा रोल, कापून लावलेल्या कोऱ्या पट्ट्या. फेकलेला नव्हता. "बीबीजी, होता है ऐसा," ते हळू आवाजात म्हणाले. दुकानातला एक कॅमेरा घेऊन त्यांनी मला दाखवलं. "ये घुंडी देखो. घूमे, तो समझो चल रहा है. आपको किसी ने बताया नहीं होगा."

किसी ने बताया नहीं होगा. मी मान हलवली. नाही, कुणी सांगितलं नव्हतं.

एका अनोळखी बाईच्या भोळ्या चुकीसाठी त्या माणसाने आपल्या कामाचं नाव पणाला लावलं होतं. आणि ती चूक भोळी नव्हती, हे त्याला माहीत नव्हतं. आजही तो क्षण आठवला की मी हातातलं काम ठेवते. असं कोण करतं? कशासाठी?

आजोबांनी तिथे पुन्हा पाऊल टाकलं नाही. गणपतीत जमलेल्या सगळ्या मराठी घरांना त्यांनी सांगितलं — लष्करातले, बँकेतले, सगळे — त्या माणसाकडे जाऊ नका. लोक जाईनासे झाले. मी तिथेच बायकांच्या रांगेत बसून मोदकाचं सारण भरत होते, मान खाली. काही वर्षांनी तिथे कापडाचं दुकान आलं. ते आमच्यामुळे, असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. आमच्यामुळे नाही, असंही नाही.

पणजी त्याच वर्षी, दिवाळीआधी गेली. तेराव्याला पाटावर ठेवायला फोटो नव्हता. आजोबांनी सगळ्या नातेवाइकांना पत्रं लिहिली, आणि कुठून तरी तो लग्नातला ग्रुप फोटो आला. त्या करड्या ठिपक्यांसमोर ते रोज सकाळी उभे राहत. छत्तीस वर्षं. मागे मी चहाचा कप घेऊन.

नील, तू केलेला चेहरा सुंदर आहे. पण तो तिचा नाही. तिचा समोरचा वरचा दात तुटलेला होता. डाव्या भुवईत भाजल्याची रेघ होती, तिथे केस नव्हते. हसताना उजवा डोळा आधी मिटायचा. हे सांगू शकेल असं आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

पाकीट माझ्या कपाटात आहे, वरच्या खणात. त्यात रोलच्या सहा पट्ट्या आहेत, खिडकीकडे धरल्या तर पलीकडची झाडं दिसतात. कडेला बारीक आकडे आहेत, एकपासून छत्तीसपर्यंत. सोबत ती वही आहे, छत्तीस ओळींची. बाराव्या ओळीत लिहिलं आहे — 'पिंजौर. ऊन समोरून. आई, पाय पाण्यात, हसताहेत.' पट्टीवर बाराचा आकडा स्पष्ट आहे. त्याच्या वर काही नाही.