यानाचा वाकलेला दांडा

लकडगंजात लाकूड कापायच्या एका आरामशीनच्या वर मोठी खोली आहे. रविवारी मशीन बंद असते, म्हणून सकाळी दहाला आम्ही दहा-बारा जण तिथे जमतो आणि अंतराळातले सिनेमे पाहतो. आरामशीनचे मालक स्वतः या सिनेमांचे वेडे. खोली त्यांची, पडदा त्यांचा, चहाही त्यांचाच. सिनेमा दोन तासांत संपतो, भांडण मात्र दुपारच्या जेवणापर्यंत चालतं. भिंतीवर एक काळा फळा आहे. गोष्टीत जिथे लेखकाने थाप मारली असं सगळ्यांना पटतं, ती जागा खडूने त्यावर लिहायची. तिला आम्ही ‘भोक’ म्हणतो. फळ्यावर भोक चढवणं सोपं. एकदा चढलेलं पुसलं गेलेलं मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

मला तिथे पहिल्यांदा माझ्या लेकीने नेलं. पुढे तिला पुण्याला नोकरी लागली, आणि मी एकटी जात राहिले. मी मौद्याकडच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये काम करते. आठवडाभर डोळ्यांसमोर आकडे आणि काटे, म्हणून रविवारी जळणारी यानं पाहायला मला बरं वाटायचं. कंपूत बाई मी एकटीच. मागच्या खुर्चीवर बसायचे, ऐकायचे, आणि घरी जायचे. दोन वर्षांत मी वादात एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

वादात शेवटचा शब्द सरांचा असायचा. ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आवाज कधी चढवायचे नाहीत, पण खडू हातात घेऊन उठले की बाकीचे गप्प व्हायचे.

एका रविवारी पाहिलेल्या सिनेमात एक अवाढव्य यान होतं. त्याच्या पोटातून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक जाडजूड दांडा गरगर फिरत असतो, आणि त्याच्यावर सगळं यान चालतं. शत्रू मागे लागतो तेव्हा यानाचा तरुण कप्तान एका सूर्याच्या झगमगाटात यान लपवतो आणि सगळं बंद करायला सांगतो. दांडा थांबतो. काही तासांनी शत्रू निघून जातो. कप्तान हसत हुकूम देतो, पूर्ण वेगाने सुरू करा. यान थरथरायला लागतं, आणि बघता बघता त्याचे तुकडे होतात. गोळी नाही, बॉम्ब नाही, कोणी हातही लावलेला नाही.

सगळे एकदम तुटून पडले. लेखकाला कप्तानाला मारायचं होतं, म्हणून यान फोडलं, यावर एकमत झालं. सर उठले आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘यान का फुटलं?’ त्याखाली दुसरं भोक चढलं. यान सुरू होण्याआधी एक म्हातारा मेकॅनिक हातात लांब लोखंडी दांडी घेऊन कप्तानाकडे धावत येतो आणि कप्तान त्याला हाताने बाजूला सारतो. इतक्या पुढारलेल्या यानात ही गावठी दांडी कशाला? त्यावर खूप हशा झाला.

मी हसले नाही. माझं लक्ष माझ्या तळहातांकडे गेलं होतं.

मी शिकाऊ असताना दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका जुन्या, आता बंद पडलेल्या केंद्रात होते. तिथे शिकलेली पहिली गोष्ट ही की तापलेली टर्बाईन थांबवली तरी तिला थांबू द्यायचं नसतं. एक छोटी मोटर तिचा दांडा हळूहळू फिरवत ठेवते, तो पुरता निवेपर्यंत. तसाच सोडला तर तो वाकतो. डोळ्याला दिसणारही नाही इतकाच वाकतो, पण पुन्हा वेग दिला की आख्खं मशीन हादरवून फोडू शकतो. एके दिवशी सकाळी ती छोटी मोटरच बंद पडली. आम्ही चौघांनी लांब दांडी लावून तो कित्येक टनांचा दांडा हाताने फिरवला. दर थोड्या वेळाने अर्धा फेरा, दुपार उलटेपर्यंत. माझ्या दोन्ही हातांना फोड आले होते.

म्हणून त्या रविवारी मी पहिल्यांदा बोलले. म्हटलं, हे भोक नाही. दांडा गरम असताना थांबवला, तो आपल्या वजनाने वाकला, म्हणून यान फुटलं.

सरांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग अगदी मायेने म्हणाले, “ताई, अंतराळात वजनच नसतं. मग दांडा वाकेल कशानं?”

पुढच्या रांगेतला एक मुलगा हसला. चहा अर्धा टाकून मी उठले. घरी जाताना स्वतःचाच राग येत होता, आणि तो हरल्याचा नव्हता. मी बरोबर आहे हे हातांना ठाऊक होतं आणि तोंडाला सांगता येत नव्हतं, याचा होता.

सोमवारी ड्यूटीवर गेल्या गेल्या मी आमच्या टर्बाईनच्या फोरमनला गाठलं. निवृत्तीला आलेला माणूस, बोलणं कमी. त्यांना सगळा सिनेमा सांगितला. ते डबा खाता खाता ऐकत होते.

“वजनानं थोडाच वाकते,” ते म्हणाले. “वरचं अंग गरम अन् खालचं थंड, म्हणून वाकते. गरम बाजू लांब होते, थंड बाजू होत नाही. वजन राहो का नको राहो, त्याले काय फरक पडते?”

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण मग पुढचा प्रश्न आला. अंतराळात वर-खाली नसतं, तर एक बाजू गरम आणि एक थंड होणार कशी?

त्या आठवड्यात मी येता-जाता कंपनीच्या बसमध्ये फोनवर तोच सिनेमा पाहिला. शेजारी बसणाऱ्या बाईंनी विचारलं, “काहून वं, एकच पिक्चर किती वेळा पाहून राहिली?” मी त्यांना म्हटलं, परीक्षा आहे. बुधवारी संध्याकाळी बस पारडीच्या गर्दीत अडकली होती, तेव्हा मला ते दिसलं. यान लपून बसलेलं असताना कप्तान खिडकीवर जमलेल्या बर्फावर बोटाने आपल्या प्रेयसीचं नाव लिहितो. सगळ्या कंपूचा आवडता प्रसंग. त्याच्या पुढच्याच दृश्यात यानाच्या दुसऱ्या अंगाला खलाशी उघड्या अंगाने घाम पुसत बसलेले आहेत. एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला काळोख. आणि मधोमध थांबलेला दांडा.

पुढच्या रविवारी मी पहिल्या रांगेत बसले. नवा सिनेमा लावायच्या आत उभी राहिले आणि म्हटलं, मला मागच्या सिनेमातली पाच मिनिटं दाखवायची आहेत. मालकांनी ती लावली. बर्फाच्या खिडकीवर मी चित्र थांबवलं, मग घामावर. फोरमनने सांगितलेलं सगळं सांगितलं.

सर पुढे वाकून पाहत होते. म्हणाले, मान्य, पण एवढी मोठी गोष्ट यानावर कोणालाच कशी कळली नाही?

“कळली होती ना सर,” मी म्हटलं. “तो म्हातारा दांडी घेऊन तेच सांगायला आला होता. त्याला दांडा हातानं फिरवायचा होता. मी फिरवलाय, म्हणून सांगते.”

मी म्हाताऱ्याचं दृश्य लावलं. मागच्या रविवारी ज्यावर सगळे हसले होते, तेच. म्हाताऱ्याचं तोंड हलतं, कप्तान ऐकत नाही, दांडी खाली पडते. सरांनी ते पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. नंतर ते उठले, फळ्यापाशी गेले आणि आपल्या रुमालाने दोन्ही ओळी पुसून टाकल्या.

“आयुष्यभर उष्णतेनं धातू प्रसरण पावतो असं फळ्यावर लिहिलं,” ते वळून म्हणाले. “गरम दांडा कधी फिरवला नाही.” आणि त्यांनीच पहिली टाळी वाजवली.

मग खोलीभर टाळ्या झाल्या. मालकांनी खाली माणूस पाठवून गरम समोसे मागवले. मागच्या वेळी हसलेला मुलगा माझ्याकडे आला, आणि सॉरी म्हणायच्या ऐवजी त्याने बेअरिंगबद्दल चार प्रश्न विचारले. मला ते जास्त आवडलं. आनंदाच्या भरात मी तीन समोसे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी हे कंट्रोल रूममध्ये सांगितलं, तर जेवणाच्या सुट्टीत तीच चर्चा. फोरमन म्हणाले, सिनेमा पाहायला आपणही येतो. त्याच्या पुढच्या रविवारी माझ्यामागे आरामशीनच्या जिन्यावरून पाच जण चढले, फोरमन, दोन फिटर, एक वेल्डर आणि पाणी तपासणाऱ्या लॅबमधली माझी मैत्रीण. खुर्च्या पुरेनात, म्हणून मालकांनी खालून सागाच्या फळ्या आणवून विटांवर टाकल्या. सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील, तोच आमच्या वेल्डरने हात वर केला.

“थांबवा गा जरा,” तो म्हणाला. “हा यानाचा जोड पाहा. असा जोड मारला तर मले कोणी गेटच्या आत घेणार नाही.”

मालकांनी सिनेमा थांबवला. सरांनी टिपून घ्यायला वही उघडली आणि त्याला पुढे बोलावलं.